इंजिन काम झाले, पण टायमिंगची खूण अर्धा दात सरकलेलीच राहते (जिप्सी किंग, १९९८)

सिल्लारी_फाटा (नागपूर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९८ ची मारुती जिप्सी किंग आहे. इंजिन १२९८ सीसीचे, आठ व्हॉल्व्हचे आणि कार्ब्युरेटरचे आहे. ही गाडी आधीच्या मालकाकडे अनेक वर्षे पेंचच्या बाजूला धुळीत फिरली होती, त्यामुळे ती ऑइल पीत होती आणि चढावर निळा धूर सोडत होती. म्हणून या हिवाळ्यात पूर्ण इंजिन काम काढले. ब्लॉक बोअर करून नवे पिस्टन आणि रिंगा टाकल्या, बेअरिंगे बदलली, हिंगणा एमआयडीसीतल्या एका मशीनशॉपमध्ये हेडचे ०.१५ मिमी फेसिंग करून घेतले (म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग तेवढा घासून सपाट केला) आणि व्हॉल्व्ह नव्याने घासून बसवले. ऑइल सील, टायमिंग बेल्ट (पिस्टनांनी फिरणाऱ्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा दातेरी पट्टा) आणि त्याला ताण देणारा टेन्शनर नवे आहेत. जोडणी मी स्वतः घरच्या अंगणात, मानेवाड्याला, एका ओळखीच्या मिस्त्रींच्या मदतीने केली.

अडचणी दोन आहेत. पहिली अशी, की क्रँकच्या चाकावरचा ठिपका ऑइल पंपावरच्या बाणासमोर आणला, की कॅमच्या चाकावरची खूण आपल्या जागेपासून साधारण अर्धा दात पुढे दिसते. बेल्ट एक दात मागे घेतला, तर ती अर्धा दात मागे जाते. मधली जागा सापडतच नाही. दुसरी अडचण अशी, की स्टार्टर मारला असता इंजिन सुरू होत नाही आणि कार्ब्युरेटरमधून फटाका वाजतो. काल एअर फिल्टरच्या डब्याचे झाकण उडून शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी पडले.

डिस्ट्रिब्युटर (प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) थोडा पुढेमागे फिरवून पाहिला, प्लग बदलले, दुसरा बेल्टही आणून लावून पाहिला. फरक पडला नाही. बेल्ट चुकीच्या मापाचा आहे, की हेड घासल्यामुळे हे झाले आहे, की मी आणखी काही बिघडवून ठेवले आहे?

तर्रीपोहे

उत्तर मला येत नाही, पण काकूंची तुळस सुखरूप आहे ना, एवढे आधी कळवावे.

वर्धा_रोड

हेड घासल्यामुळेच हे झाले आहे. हेड खाली आले की कॅम आणि क्रँक यांच्यातले अंतर कमी होते, आणि त्यामुळे खूण सरकते. माझ्या जुन्या गाडीलाही असेच झाले होते. मिस्त्रींनी बेल्ट एक दात पुढे घेऊन दिला आणि गाडी सुरू झाली. तुम्हीही तेच करून पाहा, फार विचार करू नका.

मशीनशॉपवाला

वर्धा_रोड यांचे पहिले वाक्य तत्त्वतः बरोबर आहे. हेड खाली आले, की बेल्टची ताणाची बाजू किंचित सैल पडते, ती ओढून घेण्यासाठी क्रँकला थोडे जास्त फिरावे लागते आणि कॅम मागे राहतो. प्रश्न किती मागे राहतो, हा आहे. गाड्यांच्या टायमिंग बेल्टमध्ये एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचे अंतर बहुधा ८ मिमी ते साडेनऊ मिमी असते, म्हणजे अर्धा दात म्हणजे चार ते पावणेपाच मिलिमीटर. तुमचे हेड ०.१५ मिमी घासले आहे. इतक्या फेसिंगने कॅम फार तर एका दाताच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका हलेल, आणि तो डोळ्यांना दिसणारही नाही. अर्धा दात सरकवायचा असेल, तर हेडचे इतके लोखंड, खरे म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, काढावे लागेल की पिस्टन व्हॉल्व्हना भेटायला येईल.

उलट एक फरक लक्षात घ्या. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. कॅमच्या चाकाला ४० दात आहेत असे धरले, तर एका दाताने कॅम ९ अंश सरकतो, आणि क्रँकच्या हिशेबात ती चूक १८ अंशांची होते. एवढी चूक असताना गाडी सुरू होते, पण तिच्यात ताकद राहत नाही आणि ती गरम होते. सुरू झाली म्हणजे टायमिंग जुळले, असे समजू नये.

वर्धा_रोड

हिशेब पटला, पण माझी गाडी त्यानंतर तीन वर्षे चालली, हेही नोंदवून ठेवतो.

वाडीनाका

भाऊ, तीन वर्षे चालली हा पुरावा फार धोक्याचा आहे. आमच्याकडे एका जुन्या डिझेल गाडीचा बेल्ट असाच अंदाजाने एक दात सरकवून बसवला होता, आणि त्या गाडीत फ्युएल पंपही त्याच बेल्टवर फिरत असे. हाताने न फिरवता थेट स्टार्टर मारला आणि पहिल्याच फेरीत चार व्हॉल्व्ह वाकले. जिप्सीच्या या आठ व्हॉल्व्हच्या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह वाकत नाहीत, असा अनेकांचा अनुभव आहे. तरीही हेड घासल्यावर तो भरवसा धरून स्टार्टर मारू नये. सगळे प्लग काढून, क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवावे. कुठे अडले, तर जोर न लावता थांबावे.

सिल्लारी_फाटा यांनी एक सांगावे. खुणा जुळवताना ठिपका बाणाच्या पुढे गेला, की तुम्ही क्रँक मागे फिरवून आणता का?

सिल्लारी_फाटा

हो, दोन-तीन वेळा पुढे गेला म्हणून मागे आणला. त्यात काही चूक आहे का?

निवृत्त_फोरमन

वाडीनाका यांनी नेमके बोट ठेवले आहे. मी एस.टी.च्या नव्हे, पण एका खासगी वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षे इंजिने बांधली आहेत, तेव्हा थोडे सविस्तर लिहितो.

समोरून पाहता हे इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते. त्यामुळे बेल्टच्या एका बाजूने क्रँक कॅमला ओढतो आणि ती बाजू नेहमी ताठ असते. दुसऱ्या बाजूला टेन्शनर असतो आणि तिथे ढील असते. क्रँक जरासा जरी उलट फिरवला, तरी ढील ताठ बाजूला जाते आणि कॅमची खूण खोटी दिसू लागते. म्हणून ठिपका पुढे गेला, तर मागे आणायचा नाही. पुन्हा पूर्ण दोन फेरे पुढे फिरवून यायचे.

याहून मोठे कारण दुसरे असण्याची शक्यता आहे. बेल्ट बसवण्यापूर्वी तुम्ही हेडकव्हर काढून रॉकरचे (कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे) टॅपेट स्क्रू पूर्ण सैल केले होते का? या इंजिनात ते करावेच लागते. स्क्रू घट्ट असले, की व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलतात आणि तो खुणेवर न थांबता, जिथे स्प्रिंगांचा जोर समतोल होईल तिथे जाऊन बसतो. मग तुम्ही टेन्शनरचा बोल्ट सोडला, तरी त्या बिचाऱ्या टेन्शनरच्या छोट्या स्प्रिंगला व्हॉल्व्हच्या आठ स्प्रिंगांविरुद्ध कॅम हलवता येत नाही, आणि ताण कमी भरतो. तुम्हाला दिसणारा 'अर्धा दात' हा बेल्टच्या मापाचा दोष नसून न भरलेला ताण आहे, असे माझे मत आहे.

क्रम असा ठेवावा. सगळे टॅपेट सैल करावे. कॅमची खूण आणि क्रँकचा ठिपका जागेवर आणावा. बेल्ट आधी क्रँकच्या चाकावर, मग ताठ बाजूने वर कॅमच्या चाकावर चढवावा, आणि शेवटी टेन्शनरच्या बाजूला. बेल्ट पिळू नये, स्क्रू ड्रायव्हरने रेटून चढवू नये. टेन्शनर मोकळा ठेवून क्रँक पुढच्याच दिशेने दोन फेरे फिरवावा, मगच टेन्शनर कसावा आणि खुणा पाहाव्या. टॅपेटची फट (रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली मोकळी जागा) त्यानंतर भरावी, म्हणजे मापात आणावी.

मशीनशॉपवाला

काकांच्या म्हणण्यात एका गोष्टीची भर घालतो. जिप्सीच्या पुढे रेडिएटर असल्याने आपण खूण वरून, तिरक्या नजरेने पाहतो. मागच्या पत्र्यावरची खूण आणि चाकावरची खूण यांच्यात जेवढे अंतर असते, तेवढी नजर फसते. मोबाइल समोर, चाकाच्या मध्याच्या उंचीवर धरून फोटो काढा आणि मग ठरवा.

पुण्याहून

क्रँकच्या पुढच्या बोल्टचेही पाहून घ्यावे. तो पुरेसा कसला नसेल, तर चाकाची किल्ली (चाकाला क्रँकवर पक्के धरणारा छोटा तुकडा) आणि तिची खाच झिजते, चाक क्रँकवर डुलू लागते आणि मग कितीही बेल्ट बदलले तरी टायमिंग स्थिर राहत नाही. चाक हाताने धरून पुढेमागे हलवून पाहा. जराही खडखडले, तर बेल्ट बाजूला ठेवा आणि किल्ली काढून तपासा.

तर्रीपोहे

पुण्याहून सल्ला आला आणि त्यात 'आमच्याकडे असे होत नाही' हे वाक्य नाही, याची मंडळींनी दखल घ्यावी.

सिल्लारी_फाटा

मंडळी, मनापासून आभार. फोरमनकाका, टॅपेट सैल केले नव्हते. हेड जोडतानाच फट भरून ठेवली होती, म्हणजे काम उरकले असे वाटले. चाक डुलत नाही, किल्ली नवी आहे. रविवारी पुन्हा उघडतो.

*(तीन दिवसांनी)*

सिल्लारी_फाटा

काका म्हणाले तसे सगळे केले. दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा रेषेत आल्या, अगदी केसाइतकाही फरक नाही. बेल्टवर मी जुळवणीसाठी खडूने मारलेल्या पांढऱ्या रेघा मात्र आता खुणांपासून दूर गेल्या आहेत. यात काही गडबड आहे का?

पण इंजिन अजून सुरू होत नाही. फटाका पूर्वीसारखाच वाजतो. खुणा बरोबर, तरी हे कसे?

वाडीनाका

रेघांची काळजी करू नका. बेल्टच्या दातांची संख्या चाकांच्या दातांच्या पटीत नसते, त्यामुळे बेल्टवरच्या खुणा पुन्हा तिथेच यायला अनेक फेरे लागतात. त्या फक्त बसवतानाच्या असतात. पुढची तपासणी चाकांवरच्या खुणांनीच करायची.

वर्धा_रोड

आता तरी माझे ऐका आणि एक दात पुढे घ्या. (ही थट्टा आहे, कोणी हिशेब मांडू नये.)

निवृत्त_फोरमन

डिस्ट्रिब्युटर बसवताना तुम्ही रोटरचे (आतल्या फिरत्या पात्याचे) तोंड कोणत्या वायरीकडे ठेवले होते?

सिल्लारी_फाटा

पहिल्या सिलिंडरच्या. खुणा जुळल्या म्हणजे पहिला पिस्टन वर, म्हणजे रोटर एक नंबरकडे, असाच हिशेब केला. पिस्टन खरोखर वर आहे हे प्लगच्या भोकात प्लास्टिकची स्ट्रॉ घालून तपासलेही होते.

निवृत्त_फोरमन

मग तुमची दुसरी अडचण सुटली, असे समजायला हरकत नाही.

पिस्टन वर आहे, हे खरे. पण चार फटक्यांच्या इंजिनात पिस्टन दोन वेळा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, जेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात; आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, जेव्हा एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह बंद होत असतो आणि इन्टेकचा उघडू लागलेला असतो. स्ट्रॉला या दोहोंतला फरक कळत नाही. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ आहे. त्यात पहिला आणि चौथा पिस्टन एकाच वेळी वर येतात, पण एक कॉम्प्रेशनवर असतो तेव्हा दुसरा व्हॉल्व्हच्या अदलाबदलीवर असतो. सुझुकीच्या या जी-१३ इंजिनात टायमिंगच्या खुणा जुळतात, तेव्हा कॉम्प्रेशनवर चौथा सिलिंडर असतो, पहिला नव्हे. इतर बहुतेक गाड्यांत पहिला असतो, म्हणून अनुभवी मिस्त्रीही इथे फसतात.

तुमची ठिणगी पूर्ण एक क्रँक-फेरा चुकून पडते आहे. म्हणजे इन्टेकचा व्हॉल्व्ह उघडत असताना सिलिंडरमध्ये आग लागते आणि ती उघड्या वाटेने मागे कार्ब्युरेटरकडे धावते. झाकण त्यामुळेच उडाले. डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून हे कधीच सुटणार नव्हते.

इलाज दोन आहेत आणि त्यांचा परिणाम एकच आहे. खुणा जुळलेल्या ठेवून डिस्ट्रिब्युटर काढा आणि रोटर चार नंबरच्या वायरीकडे येईल असा बसवा. किंवा क्रँक एक फेरा पुढे फिरवा आणि रोटर एक नंबरकडे ठेवून बसवा. डिस्ट्रिब्युटर कॅमच्या मागच्या टोकाला जोडलेला आहे, त्यामुळे बेल्टला हात लावायचे कारण नाही. खात्री करायची असेल, तर कॅमच्या उंचवट्यांकडे पाहा. खुणा जुळल्यावर चौथ्या सिलिंडरचे दोन्ही उंचवटे रॉकरपासून दूर असले पाहिजेत.

पुण्याहून

हे वाचून माझ्या काकांच्या जिप्सीचे एक कोडे पंधरा वर्षांनी सुटले. त्या वेळी मिस्त्रींनी टोपीवरच्या चारही वायरी एकमेकींच्या समोर बदलून गाडी सुरू केली होती, आणि पुढे जो कोणी वायरी 'बरोबर' लावायचा, त्याची गाडी बंद पडायची.

मशीनशॉपवाला

त्या पद्धतीनेही गाडी चालते, पण गाडीत एक चिठ्ठी ठेवायला हवी होती.

यानिमित्ताने आणखी एक लिहितो, कारण इथे बेल्टचे टायमिंग आणि ठिणगीचे टायमिंग यांची गल्लत वारंवार होते. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचे मीटर) लावा. ठिणगी कुठेही पडो, कॉम्प्रेशनच्या आकड्यावर तिचा परिणाम होत नाही. पण बेल्ट चुकला असेल, तर चारही सिलिंडरचे आकडे एकत्र खाली येतात. एकाच सिलिंडरचा आकडा खाली असेल, तर बेल्टला दोष न देता त्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा रिंग पाहावी. मोजताना चारही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा, नाहीतर आकडा खोटा येतो.

सिल्लारी_फाटा

सुरू झाली! रोटर चार नंबरकडे ठेवला आणि दुसऱ्याच प्रयत्नाला सुरू झाली. फटाका बंद. शेजारच्या काकूंनी पेढे मागितले आहेत आणि तुळशीला नुकसानभरपाई.

पण आता नवा प्रश्न आहे. आयडलला इंजिन एक पाय लंगडत असल्यासारखे चालते. मशीनशॉपवाले म्हणाले म्हणून गेज आणून मोजले. सिलिंडर १: ११.५, सिलिंडर २: ११, सिलिंडर ३: ७, सिलिंडर ४: ११.५ किलो. रिंगा नव्या आहेत, त्यामुळे बाकीचे आकडे थोडे कमी असणार हे समजतो, पण तिसऱ्याचे काय? बेल्ट पुन्हा उघडू का?

वाडीनाका

बेल्टला हात लावू नका. तीन सिलिंडर एका रेषेत आहेत, म्हणजे कॅम बरोबर बसला आहे. तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

सिल्लारी_फाटा

ऑइल टाकले. ७ चा फक्त ७.५ झाला.

निवृत्त_फोरमन

तुम्ही व्हॉल्व्ह नव्याने घासून बसवले, असे पहिल्याच लिखाणात म्हटले होते. व्हॉल्व्ह आणि सीट घासली, की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित वर सरकतो, त्याचे टोक रॉकरच्या जवळ येते आणि टॅपेटची फट तेवढी कमी होते. बेल्टनंतर तुम्ही फट भरलीत, ती तिसऱ्या सिलिंडरला कॅम योग्य जागी असताना भरलीत का? थंड इंजिनावर, तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून, फीलर गेज घालून पाहा.

सिल्लारी_फाटा

तिसऱ्याच्या एक्झॉस्टला ०.०५ मिमीची पट्टीही गेली नाही. व्हॉल्व्ह सतत किंचित उघडा होता. बाकीचे सात पुस्तिकेतल्या मापात आहेत. हा एक भरताना मिस्त्रींचा फोन वाजला होता, आणि आम्ही दोघांनीही तो भरला असे समजून पुढे गेलो.

तर्रीपोहे

म्हणजे दोष शेवटी मोबाइलचा निघाला.

सिल्लारी_फाटा

फट भरली. तिसरा ११ वर आला आहे आणि लंगडणे थांबले. टायमिंग लाइट (ठिणगीची वेळ तपासायचा दिवा) उद्या मिळेल, तोवर जागेवरच चालवतो आहे.

एकच शंका राहिली आहे. इंजिनाचा वेग वाढवला, की पुढून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येतो. बेल्टचे कव्हर अजून लावलेले नाही.

मशीनशॉपवाला

टेन्शनर स्प्रिंगवर सोडला होता, की वर हाताने आणखी ओढून कसला?

सिल्लारी_फाटा

सुरुवातीच्या अर्ध्या दाताची इतकी धास्ती होती, की थोडा ओढून कसला, हे मान्य करतो.

निवृत्त_फोरमन

मग सैल करून पुन्हा स्प्रिंगवर सोडा, क्रँक पुढे दोन फेरे फिरवा आणि कसा. त्याआधी टॅपेट पुन्हा सैल करावे लागतील, हे सांगायला वाईट वाटते. आणि पुन्हा भरताना या वेळी मोबाइल घरात ठेवावा. कव्हर लावल्याशिवाय गाडी सिल्लारीच्या धुळीत नेऊ नका.